फोर बाय फोर पिकअपचा मागचा पाटा तुटला आहे: गाडी हलवावी का, आणि दुरुस्ती कितपत करावी?

गायमुख

नमस्कार. माझ्याकडे जुनी विकत घेतलेली फोर बाय फोर डबल कॅब पिकअप आहे. पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), अशी तिची रचना आहे. आधीच्या मालकाने पुढे लोखंडी बंपर व विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) बसवली होती आणि मागच्या हौद्यावर कायमचे झाकण चढवले होते. मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याकडच्या एका रानवाटेवर डावे मागचे चाक खडकाच्या पायरीवरून खाली उतरले, तेव्हा लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज झाला. गाडी चालत होती, त्यामुळे ती सावकाश कल्याणमार्गे घोडबंदर रस्त्यावरच्या घरी आणली.

सोसायटीच्या आवारात उभी केल्यावर मागची डावी बाजू उजवीपेक्षा चांगली चार बोटे खाली बसलेली दिसली. खाली वाकून विजेरीच्या उजेडात पाहिले, तर वरून तिसऱ्या पाट्याचा मागचा अर्धा भाग, पाट्यांचा संच ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या पकडीतून बोटभर बाहेर सरकलेला आहे. तो नेमका कोठे तुटला आहे ते पकडीच्या आत दडलेले असल्यामुळे दिसत नाही. सर्वांत वरचा मुख्य पाटा आणि त्याचे दोन्ही डोळे (टोकांची गोल भोके) शाबूत दिसतात.

वागळे इस्टेटमधल्या एका कारागिराने छायाचित्र पाहून, तुटलेल्या पाट्याला जोड मारून वर एक जादा पाटा टाकून देतो, असे सांगितले. दुसरे एक जण म्हणाले की पनवेलजवळच्या कळंबोलीला जाऊन दोन्ही बाजूंचे पूर्ण संच बदलून घ्या. दोघांच्या सल्ल्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाडी स्वतः चालवत कळंबोलीपर्यंत न्यावी का, आणि यांपैकी कोणाचे ऐकावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

जुनी_कार्यशाळा

गायमुख साहेब, दोघांपैकी कोणाचेही ऐकण्याआधी एक मोजमाप घ्या आणि ते येथे लिहा. गाडी सपाट जागी उभी करा, चारही चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून पाचर) लावा, आणि मागच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या हँगरच्या (पाट्याचे टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरणाऱ्या कंसाच्या) बोल्टपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजा. तसेच उजवीकडचे मोजा. गाडीखाली शिरण्याची आवश्यकता नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर मुळीच शिरू नका.

हे मोजमाप मागण्याचे कारण सांगतो. मी एस.टी.च्या कार्यशाळेत आयुष्य काढले आहे आणि त्या काळच्या बसगाड्यांचे पाटे उतरवणे-चढवणे हे आमचे रोजचे काम होते. पाटा केवळ गाडीचे वजन पेलतो, अशी बहुतेकांची समजूत असते. मात्र पाट्यांवर बसवलेल्या मागच्या ॲक्सलला जागेवर धरून ठेवणारे दुसरे काहीही नसते. इंजिनाचा जोर चाकांतून चासीपर्यंत पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागातून पोहोचतो आणि ब्रेकचा ताणही तोच भाग सोसतो. मागच्या टोकाला शॅकल ही जोडकडी असते, ती झुलती असल्यामुळे ॲक्सलला पुढे-मागे रोखू शकत नाही. म्हणून पुढच्या डोळ्यापासून यू-बोल्टपर्यंतचा मुख्य पाटा तुटणे आणि खालचा एखादा आखूड पाटा तुटणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात गाडी जागेवरून हलवू नये. दुसऱ्या प्रकारात रिकामी गाडी सावकाश जवळच्या कारखान्यापर्यंत नेता येते.

आपला पाटा मधूनच तुटून बाहेर सरकला आहे, हे मला खटकते. यू-बोल्टची पकड घट्ट असती तर तुटलेला तुकडासुद्धा आत जखडून राहिला असता.

गायमुख

काका, मोजले. उजवीकडच्यापेक्षा डावीकडचे अंतर ११ मिलिमीटरने जास्त भरते. तीनदा मोजून पाहिले, उत्तर तेच येते. आता आठवते की परतताना सुकाणू सरळ धरले की गाडी किंचित उजवीकडे ओढत होती आणि मला ते सतत थोडे डावीकडे धरावे लागत होते.

जुनी_कार्यशाळा

मग गाडी चालवत कोठेही नेऊ नका.

मुख्य पाटा आणि त्याचे डोळे शाबूत असताना ॲक्सल एका बाजूला ११ मिलिमीटर मागे सरकला असेल, तर सेंटर बोल्ट कापला गेला आहे असे मी येथूनच सांगतो. सर्व पाटे एकत्र ओवणारा तो मधला बोल्ट, आणि त्याचे डोके ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसते. तो बोल्ट कापला गेल्यावर ॲक्सल केवळ यू-बोल्टच्या दाबावर राहतो, आणि यू-बोल्ट सैल आहेत हे तुकडा सरकल्यावरून दिसतेच आहे. डावे चाक मागे गेल्यामुळे मागचा ॲक्सल तिरपा झाला आहे. त्याची चाके डावीकडे तोंड करून धावतात, गाडीचे शेपूट डावीकडे आणि नाक उजवीकडे जाते, म्हणून आपल्याला सुकाणू डावीकडे धरावे लागत होते. जोरात ब्रेक दाबल्यास ॲक्सल आणखी मागे जाईल, आणि त्याबरोबर ब्रेकची रबरी नळी व प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाचा जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) सरकता जोड हेही ताणले जातील.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. अनेक पिकअपना मागच्या ब्रेकच्या नळीत भारानुसार दाब बदलणारी झडप असते, आणि तिचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. चासी ॲक्सलच्या जवळ आली की ती झडप हौद्यात माल भरला आहे असे समजून मागच्या चाकांना जास्त दाब सोडते. आपली गाडी तुटलेल्या पाट्यामुळे खाली बसली आहे, हौदा मात्र रिकामा आहे. अशा वेळी ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होतात आणि शेपूट फिरते. आपल्या गाडीला ती झडप असल्यास पाटे बदलल्यावर तिची जुळणीही तपासून घ्यावी.

सपाट पाठीची गाडी (फ्लॅटबेड) मागवा. टोचन नको, कारण पुढचा भाग उचलून मागची चाके रस्त्यावर चालवणे म्हणजे सैल ॲक्सललाच ओढत नेणे झाले. वर चढवल्यावर पट्टे चाकांच्या टायरवरून घ्यायला सांगा. चासीवरून ताणले, तर तुटलेला संच वाटभर दाबला जाईल.

रानवाटा

काकांचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे, परंतु गायमुख यांची गाडी सुदैवाने घरापर्यंत आली आहे. रानात, जेथे सपाट पाठीची गाडी पोहोचू शकत नाही, तेथे काय करावे याबद्दल थोडे लिहितो, कारण पावसाळ्याच्या आधी आपल्या भागातील बरीच मंडळी मुरबाड, शहापूर, जव्हारकडे गाड्या घालतात.

मुख्य पाटा तुटला असेल, तर पहिले काम ॲक्सलला बांधून घेण्याचे असते. जॅक ॲक्सलखाली न लावता चासीखाली लावावा, म्हणजे पाट्यावरचा भार उतरतो आणि तुकडे एका ओळीत आणता येतात. जमीन मऊ असेल तर जॅकखाली जाड फळी हवी, आणि चासीखाली उंच घोडी (टेकूचा स्टँड) किंवा निदान काढलेले सुटे चाक आडवे सरकवून ठेवावे. तुटलेल्या जागेच्या वर-खाली सपाट लोखंडी पट्ट्या ठेवून त्या दोन जादा यू-बोल्टनी आवळाव्यात. चासी आणि ॲक्सल यांच्यामध्ये बंप स्टॉपच्या (चासी-ॲक्सल आपटू न देणाऱ्या रबराच्या) जागी कडक लाकडाचा ठोकळा बसवून तो दोरखंडाने दोन्ही बाजूंनी बांधावा, नाही तर पहिल्याच खड्ड्यात तो निसटून पडतो. त्यानंतर ॲक्सलपासून पुढच्या हँगरपर्यंत साखळी किंवा रॅचेटचा पट्टा ताणून घ्यावा, म्हणजे ब्रेक लावताना ॲक्सल मागे जाणार नाही. ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल त्या साखळीखाली चेंगरत नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे.

हौद्यातले सामान दुसऱ्या गाडीत हलवावे, उलट घेणे टाळावे, आणि माणूस चालतो त्याहून थोड्या जास्त वेगाने डांबरी रस्त्यापर्यंतच जावे. डांबरी रस्ता लागला की आता जाईल की घरापर्यंत, असे जे वाटू लागते, त्याला बळी पडू नये. मी स्वतः गाडीत दोन लांब यू-बोल्ट, एक जादा सेंटर बोल्ट, जाड पट्ट्या आणि सागाचा ठोकळा कायम ठेवतो.

लांब दांड्याच्या उंच जॅकवर माझा विशेष राग आहे. तो बंपरला लावला की गाडी आडवी झुलते आणि दांडा उसळून जबड्यावर बसतो. पाट्याच्या कामासाठी बाटलीसारखा साधा हायड्रॉलिक जॅक कधीही बरा.

तळोजा_एक्सप्रेस

सर्वांचे वाचले. माझ्या दोन पिकअप जेएनपीटी ते भिवंडी अशा सतत धावतात आणि मुंब्रा बायपासवरचे खड्डे त्यांना कोणी चुकवून देत नाही. आमच्या धंद्यात खालचा पाटा तुटला की वेल्डिंग मारून किंवा पट्टी आवळून फेरी पूर्ण करतात आणि त्यानंतर महिनोन्‌महिने काहीही होत नाही. प्रत्येक वेळी पूर्ण संच बदलायचा म्हटला तर भाडे परवडणार नाही. येथील मंडळी शौकाची गाडी चालवतात, म्हणून हा सल्ला देणे सोपे जाते, असे मला नम्रपणे वाटते.

पोलाद_आणि_पाणी

तळोजा_एक्सप्रेस दादा, आपली अडचण खरी आहे. मी धातूंच्या उष्णतोपचाराच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे वेल्डिंगबद्दल थोडे सविस्तर लिहिते. मग आपणच ठरवावे.

पाट्यांचे पोलाद साधे लोखंड नसते. त्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो आणि त्याबरोबर सिलिकॉन व मँगेनीज, किंवा क्रोमियम व व्हॅनेडियम मिसळलेले असते. पाटा साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल करून तेलात बुडवतात आणि त्यानंतर ४५० ते ५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याला पाणी देतात. या दुसऱ्या तापवण्यामुळेच तो ठिसूळ न राहता लवचीक होतो. शेवटी ताण येणाऱ्या बाजूवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात, त्यामुळे पृष्ठभाग आतल्या आत दाबलेला राहतो आणि तेथून तडा सुरू होणे लांबते.

यावर वेल्डिंग केले की जोडाच्या दोन्ही अंगांना दोन निराळे दोष निर्माण होतात. जोडाला लागून असलेला पट्टा अतिशय तापून एकाएकी थंड होतो आणि काचेसारखा कडक व ठिसूळ बनतो. त्याच्या पलीकडचा पट्टा पाणी उतरेल इतका तापतो आणि मऊ पडतो. गोळ्यांच्या माऱ्याचा लाभ तर तेथे पुसलाच जातो. म्हणून वेल्ड केलेला पाटा बहुधा जोडावर न तुटता जोडाच्या शेजारी तुटतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की जोड पक्का होता, पाटाच खराब निघाला. आपल्या गाड्यांत हे महिनोन्‌महिने निभावते, कारण तेथे तुटलेला पाटा खालचा असतो आणि त्याचा भार वरचे पाटे उचलतात. वेल्डिंगने तेथे जवळजवळ काहीच केलेले नसते, फक्त तुकडा खाली पडत नाही. हेच वेल्डिंग मुख्य पाट्यावर केलेत, तर मात्र मुंब्रा बायपासवर आपल्या मागून येणाऱ्याचे दैव चांगले असावे लागेल.

गायमुख, आपण पाटा उतरवाल तेव्हा तुटलेल्या तोंडाचे स्वच्छ छायाचित्र टाका. ते तोंड पुसू नका, घासू नका आणि दोन तुकडे एकमेकांवर बसवून पाहू नका.

तळोजा_एक्सप्रेस

ताई, हे पटले. मुख्य पाट्याला आमच्याकडेही कोणी जोड मारत नाही, हे मी मघाशी लिहायला हवे होते.

हिशेबनीस

वर कारागिराने सुचवलेल्या जादा पाट्याचा विषय सुटून गेला, म्हणून लिहितो. पाट्याची ताठरता त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. रुंदी व लांबी तीच ठेवून ७ मिलिमीटर जाडीऐवजी ८ मिलिमीटरचा पाटा घेतला, तर ३४३ च्या जागी ५१२, म्हणजे जवळजवळ दीडपट ताठरता येते. एका मिलिमीटरचा फरक दुकानात हाताला जाणवतही नाही. जाड आणि पातळ पाटे एकाच संचात मिसळले की सारख्याच वाकण्यात जाड पाट्यावर जास्त ताण येतो, आणि पुढचा तुटणारा पाटा बहुधा तोच असतो.

रानात चालणाऱ्या गाडीला याचा दुसराही तोटा आहे. मागचा भाग ताठर झाला की खडकावर चाक खाली सोडण्याची क्षमता कमी होते, एक चाक हवेत लोंबकळते आणि सगळा जोर उरलेल्या चाकांवर येतो. हौद्यात कायम ओझे असेल तर जादा पाट्याला अर्थ आहे. ओझे नसताना केवळ गाडी उंच दिसावी म्हणून तो घालू नये.

कायद्याबाबत एवढेच, की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. विम्याचे म्हणाल, तर नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. त्यामुळे थकून तुटलेल्या पाट्याचा दावा सहसा मंजूर होत नाही, अपघाताच्या आघाताने तुटला असेल तर गोष्ट निराळी.

गायमुख

गाडी सपाट पाठीच्या वाहनावरून ऐरोली, ठाणे–बेलापूर रस्ता या मार्गाने कळंबोलीला नेली. लोखंड बाजाराच्या परिसरातील पाट्यांचेच काम करणाऱ्या एका कारागिराकडे ती उघडली. काकांनी येथे बसून जे सांगितले तेच निघाले. सेंटर बोल्ट सपाट कापला गेला आहे आणि त्याचे डोके ॲक्सलच्या बैठकीत एकटे अडकून बसले होते. तिसरा पाटा बरोबर सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला आहे.

खरी गंमत पुढे आहे. संचात एक पाटा इतरांपेक्षा वेगळ्या जाडीचा आणि वेगळ्या रंगाचा निघाला, म्हणजे आधीच्या मालकाने जादा पाटा घातला होता. यू-बोल्ट मात्र मूळचेच ठेवले होते. पाट्याच्या जाडीइतके आटे कमी पडल्यामुळे नट पूर्ण बसलेच नव्हते. डावीकडच्या दोन नटांतून बोल्टचा एकही आटा बाहेर आलेला नव्हता, टोक नटाच्या आतच संपत होते.

पोलाद_आणि_पाणी यांच्या सांगण्याप्रमाणे तुटलेल्या तोंडाला हात लावला नाही. भोकाच्या एका कडेपासून सुरू होणारा गुळगुळीत, तपकिरी गंजलेला भाग आहे, त्यावर एकामागोमाग एक कमानदार रेघा दिसतात, आणि उरलेला भाग राखाडी, खडबडीत, दाणेदार व स्वच्छ आहे. गंजलेला भाग निम्म्याहून जास्त आहे.

पोलाद_आणि_पाणी

गायमुख, मग तो खडक निर्दोष आहे. गंजलेला गुळगुळीत भाग म्हणजे बऱ्याच काळापासून थोडा थोडा पुढे सरकत असलेला तडा, आणि त्या रेघा म्हणजे त्याच्या थांबण्या-सरकण्याच्या खुणा. दाणेदार स्वच्छ भाग एका क्षणात तुटलेला आहे. त्या पायरीवरून उतरताना उरलेसुरले पोलाद गेले इतकेच. ती पायरी नसती, तर घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटातला एखादा खड्डा पुरला असता.

भोकातूनच का तुटला, याचे उत्तर आपल्या नटांत आहे. यू-बोल्ट घट्ट असले की पकडीतला भाग वाकतच नाही, त्यामुळे भोकाचा कमकुवतपणा कधी उघड होत नाही. पकड सैल झाली की वाकणे आतपर्यंत पोहोचते, पाटे एकमेकांवर घासतात, आणि ज्या जागी भोकामुळे पोलाद कमी आहे तेथेच ताण साचतो. पकड घट्ट असतानाही पाटे तुटतात, पण मग ते बहुधा पकडीच्या कडेला, डोळ्याच्या वळणावर किंवा खालच्या पाट्याचे टोक जेथे वरच्याला घासते तेथे तुटतात. आपल्याकडचा दमट वारा आणि चार महिन्यांचा चिखल अशा घासलेल्या जागी गंजाचे बारीक खड्डे पाडतो, तेथूनही तडे निघतात. समुद्रकिनाऱ्यावर गाड्या घालणाऱ्यांनी घरी आल्यावर पाट्यांच्या फटींमध्ये गोड्या पाण्याचा फवारा अवश्य मारावा.

जुनी_कार्यशाळा

आता काय घ्यावे ते सांगतो. दोन्ही बाजूंना मूळ मापाचे, मूळ संख्येचे नवे संच घ्या. एकाच बाजूचा बदलला तर नवी बाजू उंच राहते, गाडी कायम कलते आणि नव्या-जुन्याच्या ताठरतेतील फरक वळणावर जाणवतो. नुसता तिसरा पाटा बदलण्याचा मार्ग आपल्या गाडीला लागू नाही, कारण त्याच सैल पकडीत बाकीच्या पाट्यांची भोकेही तितकाच काळ वाकली आहेत. जुन्या पाट्यांना घणाने ठोकून पुन्हा बाक देण्याचे काम कळंबोलीत सर्रास होते. थंड ठोकून दिलेला बाक काही काळाने पुन्हा बसतो आणि घणाचा प्रत्येक वण हा पुढच्या तड्याचे मूळ ठरू शकतो, म्हणून आपण त्या वाटेला जाऊ नये.

ॲक्सलवरच्या बैठकीचे भोक तपासा. सेंटर बोल्टच्या डोक्याने ते लांबट केले असेल, तर नवा बोल्टही त्यात खेळेल. यू-बोल्ट, नट आणि सेंटर बोल्ट नवेच हवेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरत नाहीत. हँगर आणि शॅकलचे बुशही (डोळ्यांत बसणाऱ्या रबरी नळ्या) याच वेळी बदलून टाका, कारण पुन्हा एवढे उघडण्याची मजुरी बुशांच्या किमतीहून जास्त होईल.

गायमुख

भोक किंचित लांबट झाले होते. ते भरून, यंत्रावर पुन्हा मापात करून घेतले. नवे संच, यू-बोल्ट, बुश सर्व आणले आहे. हौद्यावरचे झाकण आणि मागे बांधलेले दुसरे सुटे चाक काढून टाकण्याचे ठरवले आहे. आवळताना काय काळजी घ्यावी? कारागीर गाडी जॅकवर असतानाच सर्व बोल्ट पूर्ण आवळतो आहे.

जुनी_कार्यशाळा

त्याला लगेच थांबवा. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना केवळ हाताला लागतील इतपत बसवायचे असतात. रबरी बुश आत-बाहेर चिकटलेला असतो. चाके लोंबकळत असताना तो आवळला, तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते, गाडी उंच व ताठ वाटते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. चाके जमिनीवर टेकवा, गाडी मागून दोन-चार वेळा दाबून हलवा, आणि मग ते बोल्ट आवळा.

यू-बोल्ट आवळण्याआधी सेंटर बोल्टचे डोके बैठकीत पूर्ण बसले आहे याची खात्री करा. चारही नट कोपऱ्याला कोपरा अशा क्रमाने, थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत आवळायचे, आणि शेवटची फेरी गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यावर लावलेल्या टॉर्क पान्याने घ्यायची. हवेच्या बंदुकीने भस्सकन आवळून टाकू देऊ नका. प्रत्येक नटातून दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. त्यानंतर नट आणि पट्टी यांवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा, म्हणजे नट फिरला तर वाकून पाहताच कळेल. नवे पाटे एकमेकांवर बसतात, त्यांचा रंग घासून जातो आणि पकड सैल होते, म्हणून साधारण ५०० किलोमीटरनंतर, आणि रानात गेलात तर त्या फेरीनंतर लगेच, यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

पाट्यांच्या टोकांना प्लॅस्टिकच्या चकत्या असतील तर मध्ये ग्रीस भरू नका. चकत्या नसलेल्या जुन्या पद्धतीच्या संचालाच ग्राफाइट ग्रीस लागते. मागच्या अशा ॲक्सलला फिरवून जुळवण्याची सोय नसते, त्यामुळे मघाचे हँगरपासूनचे माप दोन्ही बाजूंना सारखे भरते का, ते गाडी कारखान्याबाहेर काढण्यापूर्वी पुन्हा घ्या.

गायमुख

दोन्ही मापे आता सारखी आहेत. रेघा ओढल्या आहेत. कारागीर प्रथम थोडा रागावला, परंतु टॉर्क पाना मी समोर धरल्यावर त्याने स्वतःच आवडीने प्रत्येक नट तपासला.

तळोजा_एक्सप्रेस

गायमुख साहेब, उजव्या बाजूचे जुने पाटे तुटलेले नाहीत ना? भंगारात घालणार असाल तर मला हवे आहेत. माझ्या एका गाडीला खालचे दोन पाटे लागणार आहेत. माप जुळले तर रविवारी येऊन घेऊन जातो.

पोलाद_आणि_पाणी

दादा, न्या, पण बसवण्याआधी तपासा. उजव्या बाजूचे यू-बोल्टही तितकेच आखूड पडत असणार, त्यामुळे भोकांजवळ बारीक तडे असण्याची शक्यता आहे आणि ते गंजाखाली डोळ्यांना दिसणार नाहीत. तारेच्या ब्रशने भोकाभोवतीचा भाग स्वच्छ करा आणि तडा शोधणाऱ्या रंगाच्या फवाऱ्याचा तीन डब्यांचा संच वापरा. आधी स्वच्छ करण्याचा फवारा, मग लाल रंग, तो थोडा वेळ मुरू दिल्यावर पुसून टाकणे, आणि शेवटी पांढरी भुकटी. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. औद्योगिक सामानाच्या दुकानांत हे डबे मिळतात. डोळ्यांचा मुख्य पाटा मात्र कोणत्याही स्थितीत गाडीला लावू नका.

गायमुख

तळोजा_एक्सप्रेस दादा, रविवारी अवश्य या. उजव्या संचाचे पाटे बाजूला काढून ठेवतो. तुटलेला तिसरा पाटा आणि दोन्ही मुख्य पाटे मुरबाडकडच्या एका लोहाराने कोयत्यांसाठी आधीच मागून ठेवले आहेत, ते सोडून बाकीचे आपले.

तळोजा_एक्सप्रेस

चालेल. डबे मी घेऊन येतो, तुमच्याकडेच तपासू. पत्ता कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा.